रानात भरवशाचं पातं: चाकू निवडायचा कसा?

आजचा विषय तसा छोटा दिसतो. रानात, डोंगरात जाताना सोबत चाकू कोणता घ्यावा? पण याच विषयावर सगळ्यात जास्त चुकीची खरेदी होते असा आमचा अनुभव आहे. दुकानात किंवा मोबाईलवर आपण चाकू बघतो तो दिसण्यावरून. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत काडेपेटी आणि मासे पकडायचा गळ. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला आणि त्यातल्या रॅम्बोच्या हातातल्या पोकळ मुठीच्या चाकूच्या नकला जगभर विकल्या जाऊ लागल्या. आजही विकल्या जातात. त्या नकलांपैकी बहुतेकांची मूठ लाकडावर दहा-वीस घाव बसले की हलायला लागते.

म्हणून आज आपण ‘सर्वांत भारी चाकू कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवू. भरवशाचा चाकू म्हणजे काय, एवढंच बघू. आमच्या मते भरवसा तीन ठिकाणी असतो: पातं आणि मूठ यांच्या जोडात, आपल्याला स्वतःला लावता येईल अशा धारेत आणि त्या चाकूची सवय झालेल्या हातात. पहिली गोष्ट विकत मिळते, दुसरी निम्मी मिळते आणि तिसरी अजिबात मिळत नाही. बाकी सगळं तपशिलाचं आहे.

आधी काम, मग चाकू

आपण बोलतोय ते सह्याद्रीबद्दल. अलास्कातल्या बर्फात किंवा ॲमेझॉनच्या जंगलात काय लागेल ते वेगळं. आपल्याकडे अडचण येते ती साधारण अशी: पावसाळ्यात धुकं येतं आणि वाट चुकते, ओढ्याला पाणी चढतं आणि पलीकडे जाता येत नाही, कोणाचा तरी पाय मुरगळतो, अंधार होतो आणि रात्र डोंगरावर काढावी लागते. म्हणजे प्रश्न बहुतेक वेळा एका रात्रीचा असतो. ओलं अंग, वारा आणि थंडी हे त्या रात्रीचे खरे शत्रू.

अशा वेळी चाकूनं काय करायचं असतं? दोरी कापायची. प्लॅस्टिकचा कागद ताणून आडोसा करायचा, त्यासाठी चार खुंट्या तासायच्या. जखमी माणसाची पँट किंवा बुटाची नाडी कापायची, ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधायचा. अगदीच निकड आली तर विस्तव करायचा. भर पावसात पडलेलं लाकूड बाहेरून भिजलेलं असतं, पण उभं वाळलेलं अंगठ्याएवढं लाकूड चिरलं तर आतला गाभा पुष्कळदा कोरडा मिळतो. त्या गाभ्यावरून, सुताराच्या रंध्यातून निघतात तशा कुरळ्या पट्ट्या काढायच्या, पण त्या काडीपासून सुट्या करायच्या नाहीत, काडीलाच लटकत ठेवायच्या. अशा तीन-चार काड्या एकत्र केल्या की ओल्या हवेतही त्या पेट घेतात.

ही सगळी कामं पाहा. यात झाड तोडणं नाही. जनावराशी झुंजणं नाही. फेकून मारणं तर नाहीच. बारीक, नेमकं, कधी थोडं जोर लावून केलेलं कापकाम आहे. मग चाकूही त्या मापाचाच हवा.

पाच हजार वर्षांपूर्वीची थैली

याला एक फार जुना दाखला आहे. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात गिर्यारोहकांना एक मृतदेह दिसला. सुरुवातीला वाटलं, अलीकडेच अपघातात गेलेला कोणी असेल. तो निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ‘ओत्झी’ म्हणतात. त्याचं सामानही बर्फात टिकून राहिलं होतं, त्यामुळे त्या काळचा माणूस डोंगरात जाताना काय काय घेऊन जात होता ते आपल्याला नेमकं कळतं.

त्याच्याकडे एक सुरी होती. गारगोटीसारख्या दगडाचं पातं, ॲश झाडाच्या लाकडाची मूठ. मुठीसकट लांबी साधारण १३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या वितीपेक्षाही कमी. त्या सुरीला झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांचं विणलेलं म्यान होतं. शिवाय त्याच्यापाशी लाकडी दांड्यात बसवलेलं शिंगाचं एक टोक होतं, दगडी पात्याच्या कडा टवके काढून पुन्हा धारदार करण्यासाठी. आणि मोठ्या कामासाठी तांब्याची वेगळी कुऱ्हाड.

म्हणजे बघा, लहान सुरी, तिला नीट म्यान, धार लावायचं साधन आणि तोडकामासाठी वेगळं हत्यार. पाच हजार वर्षांत पोलाद आलं, कारखाने आले, पण ही मांडणी बदलायचं काही कारण नाही. आपल्याकडे कोकणातला किंवा मावळातला माणूस रानात जातो तेव्हा कमरेला आकडी आणि आकडीत कोयती असते, आणि बारीक कामाचा विळा किंवा सुरी घरी वेगळी असते. एकाच पात्यानं सगळं करण्याचा हट्ट दुकानदारांचा आहे, रानातल्या माणसांचा नाही.

जोड: चाकू तुटतो तो इथेच

आता खरेदीकडे वळू. चाकू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: मुठीच्या आत काय आहे?

पात्याचं पोलाद मागे मुठीत शिरतं त्या भागाला इंग्रजीत ‘टँग’ म्हणतात. आपण शेपटी म्हणू. घरातला विळा आठवा. त्याची शेपटी निमुळती असते, ती तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि वर लोखंडी कडी बसवतात. काही वर्षांनी मूठ सैल होते, मग आई तो विळा पाण्यात ठेवते, लाकूड फुगतं आणि मूठ पुन्हा घट्ट बसते. घरी हे चालतं. रानात मूठ निघाली तर हातात उरतं ते उघडं पातं.

सगळ्यात सरळ आणि भरवशाची रचना म्हणजे ‘फुल टँग’. यात पोलादाची एकच पट्टी टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्या पूर्ण रुंदीनं जाते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाचे किंवा कडक प्लॅस्टिकचे तुकडे रिवेटनं बसवलेले असतात. मुठीच्या कडेनं बघितलं की मधे पोलादाची रेघ दिसते. दिसते म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. मुठीचे तुकडे गेले तरी त्या पट्टीला दोरी गुंडाळून काम चालू राहतं.

पण म्हणून बाकी सगळे चाकू वाईट, असं समजू नका. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू जगभर वापरतात. त्यांतल्या अनेकांची शेपटी मुठीच्या आतच संपते. फिनलंडचा ‘पुक्को’ आणि नेपाळची पारंपरिक खुकरी यांचीही शेपटी निमुळतीच असते. खुकरीत ती लाखेसारख्या चिकट पदार्थानं मुठीत पक्की बसवतात. तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या यांवर कामं केली आहेत. फरक एवढाच की अशा जोडात कारागिरी चांगली हवी, आणि आतलं आपल्याला दिसत नाही. तेव्हा नवख्या माणसानं फुल टँग घ्यावा. आणि पोकळ मुठीचा स्वस्त चाकू कधीच घेऊ नये, कारण तिथे शेपटी जवळजवळ नसतेच. पातं मुठीच्या तोंडाशी कसंबसं अडकवलेलं असतं.

घडीचा चाकूही याच कारणानं दुसऱ्या क्रमांकावर राहतो. त्याचा सांधा हाच त्याचा कच्चा दुवा. खटका कितीही चांगला असला तरी पात्याच्या पाठीवर ठोकलं की सगळा भार त्या खिळ्यावर येतो, आणि खटका सुटला तर पातं बोटांवर मिटतं. कांदा, दोरी, चिकटपट्टी यासाठी घडीचा चाकू उत्तम. लाकूड चिरायला नको.

पोलाद: चुंबक आणि कानस

पोलादाची नावं आणि आकडे ऐकून माणूस गांगरतो. तेवढं घाबरायचं कारण नाही. ढोबळमानानं दोन घराणी आहेत.

पहिलं कार्बन पोलाद. यात साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन असतो. हे चिवट असतं, याला धार पटकन लागते, पण गंजतं. कोकणातल्या दमट हवेत रात्रभर ओलं राहिलं तर सकाळी तांबूस डाग दिसतील. कोकम, चिंच, लिंबू कापलं तर पातं काळंनिळं पडतं. ते काळंनिळं पडणं वाईट नाही, तो एक पातळ थर असतो. लाल गंज मात्र वाईट. उपाय घरातलाच: काम झालं की पुसून कोरडं करायचं आणि खोबरेल तेलाचा हात फिरवायचा.

दुसरं स्टेनलेस. यात क्रोमियम असतं, चाकूच्या चांगल्या स्टेनलेसमध्ये साधारण १३ टक्के किंवा अधिक. हे गंजाला पुष्कळ दाद देत नाही. पावसाळी भटकंती जास्त आणि निगा राखायचा कंटाळा, असं असेल तर हेच घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पण ‘स्टेनलेस’ या शब्दात एक मेख आहे. आपल्या ताट-वाट्यांचं स्टेनलेस, ज्यावर कधी कधी १८/८ असा शिक्का असतो, ते वेगळं. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजत नाही, पण उष्णता देऊन त्याला कडक करता येत नाही. त्याचा चाकू केला तर धार दोन मिनिटांत जाते. ओळखायचं कसं? फ्रिजवरचा चुंबक सोबत न्या. चाकूच्या पोलादाला चुंबक घट्ट चिकटायला हवा. चिकटलाच नाही तर तो चाकू तिथेच ठेवा. लोकांचा समज याच्या उलट असतो, ‘चुंबक चिकटला म्हणजे भेसळ’. भांड्यांच्या बाबतीत असं म्हणत असतील, चाकूच्या बाबतीत नाही.

अर्थात चुंबक मऊ लोखंडालाही चिकटतो. म्हणून दुसरी परीक्षा कानशीची. लोहार किंवा ओळखीचा फिटर असेल तर त्याच्याकडून धारेजवळ, नजरेला येणार नाही अशा जागी बारीक कानस हलकेच फिरवून घ्या. नीट कडक केलेल्या पोलादावरून कानस बऱ्यापैकी घसरते. मऊ लोखंडात ती लगेच रुतते आणि कीस निघतो.

ही कडकाई येते ती ‘पाणी देण्या’तून. लोहार पातं लालबुंद तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवतो, तेव्हा पोलाद कडक होतं पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा हलकं तापवतात, साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ठिसूळपणा कमी होतो आणि चिवटपणा येतो. हे लक्षात ठेवायचं कारण असं की दिलेलं पाणी उतरूही शकतं. चाकूनं निखारे उकरले किंवा कोरड्या फिरत्या चाकावर दाबून धार लावून घेतली तर धारेवर निळसर झाक येते. निळी झाक म्हणजे तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं, तिथलं पोलाद मऊ झालं. मग तुम्ही कितीही घासा, धार टिकत नाही. धारवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर त्याला सांगा, “दादा, पाणी मारत मारत, हलक्या हातानं.”

माप, मूठ, म्यान

लांबी किती? पातं आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे १० ते १२ सेंटीमीटर. याहून लांब पात्यानं बारीक काम करताना टोक कुठे आहे याचा अंदाज राहत नाही. जाडी ३ ते ४ मिलिमीटर. अडीच मिलिमीटरचं पातंही कापायला सुरेखच, पण ठोकून लाकूड चिरायला जरा जाड बरं. सहा मिलिमीटरचं पातं मात्र कापत नाही, फाडतं. ते घेऊन उगाच वजन वाहू नका.

टोक साधं, पात्याच्या मध्यरेषेजवळ असावं. फार निमुळतं टोक मोडतं. धार सरळ असावी, करवतीसारखे दात नकोत. दातांची धार दोरी छान कापते, पण लाकडाच्या कुरळ्या पट्ट्या काढू देत नाही आणि रानात दगडावर तिला पुन्हा धार लावता येत नाही. पाठीवरचे मोठे दात तर नुसती शोभा. शिवाय पाठीवर ठोकायचं झालं तर ते ठोकणारं लाकूडच खातात.

मूठ डोळे मिटून पकडून बघा. हात साबणानं ओला करून पकडून बघा, दुकानात जमत नसेल तर घरी आल्याबरोबर, परत करायची मुदत असेपर्यंत. मुठीला बोटांसाठी खाचा नकोत. त्या बनवणाऱ्याच्या बोटांच्या मापाच्या असतात, तुमच्या नाही. मुठीचा काप थोडा लंबगोल हवा, म्हणजे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळतं. आणि रंग? भडक. केशरी, पिवळा, काहीही. हिरव्या-काळ्या मुठीचा चाकू गवतात पडला की सापडत नाही. तशीच मूठ असेल तर केशरी नाडी बांधा.

म्यानाकडे बहुतेक जण बघतच नाहीत. चाकू म्यानात घालून म्यान उलटं धरा आणि हलवा. चाकू खाली पडला तर म्यान नापास. तुम्ही उतारावर घसरून पडाल तेव्हा तो नेमका असाच निघेल. म्यान इतकं कडक हवं की टोक आरपार येणार नाही. खाली पाणी निथळायला भोक हवं. चामड्याचं म्यान देखणं असतं, पण पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं आणि कार्बन पोलाद आतल्या आत गंजतं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत प्लॅस्टिकचं म्यान बरं.

मग कोयत्याचं काय?

हा प्रश्न येणारच. कोयता हे आपल्या मुलखातलं सिद्ध झालेलं हत्यार आहे, यात शंका नाही. गावचा लोहार बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो घडवतो. कमानपाटा हे सुमारे ०.६ टक्के कार्बनचं, धक्के सोसण्यासाठीच बनवलेलं पोलाद. त्यामुळे असा कोयता घाव घालून मोडत नाही. वजन टोकाकडे असल्यानं बांबू, कारवीच्या वाळक्या काठ्या, सुकी फांदी एका-दोन घावांत तुटते.

पण कोयता फिरवायला जागा लागते आणि सवय लागते. ज्याचा हात लहानपणापासून बसला आहे, त्याच्या हाती तो शोभतो. शहरातून महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्यानं अंधारात, थंडीनं काकडलेल्या बोटांनी कोयता उगारणं म्हणजे नवं संकट. बांबूवरून घसरलेला घाव थेट नडगीवर येतो. त्यामुळे गटात गावचा वाटाड्या असेल तर कोयता त्याच्यापाशी असू द्या. आपल्याकडे लहान, स्थिर पात्याचा चाकू पुरे.

धार: निम्मा भरवसा

बोथट चाकू सुरक्षित, हा समज घातक आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला की कुठे जाईल सांगता येत नाही. धारदार चाकू सांगितलेल्या ठिकाणी थांबतो.

हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूनं खरखरीत आणि दुसऱ्या बाजूनं मऊ असा दगड मिळतो. तो ओला करा. पातं दगडावर सपाट ठेवा, मग पाठ थोडी उचला, साधारण वीस अंश. वीस अंश कसे ओळखायचे? पातं दगडावर काटकोनात उभं करा, त्याच्या निम्म्यावर आणा म्हणजे ४५ अंश, त्याच्याही निम्म्यावर आणा म्हणजे बावीसच्या आसपास. तेवढं पुरे. कोन अगदी अचूक नसला तरी चालेल, पण प्रत्येक वेळी तोच हवा. दोन्ही बाजूंना सारखे हात मारा, आधी खरखरीत बाजूवर, मग मऊ बाजूवर. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरा. तो न अडखळता कापला गेला की झालं.

रानात दगड नसेल तर? ओढ्यात गुळगुळीत झालेला बारीक पोताचा काळा दगड चालतो. चिनीमातीचा कप असेल तर त्याच्या बुडाची, चकाकी नसलेली खरखरीत कड चालते. यासाठीच आम्ही म्हणतो, अतिकडक, महागडं पोलाद घेऊ नका. त्याची धार टिकते खरी, पण गेली की हिऱ्याच्या पट्टीशिवाय परत येत नाही. रानात जी धार आपण दहा मिनिटांत परत आणू शकतो, तीच आपली.

हात

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोंगरावर चाकूनं होणारी मोठी इजा पुष्कळदा तो वापरणाऱ्यालाच होते. घरी बोट कापलं तर दवाखाना कोपऱ्यावर असतो. गडाच्या माथ्यावरून गावात उतरायलाच दोन-तीन तास लागतात, आणि तिथून पुढे गाडी.

म्हणून काही नियम. बसून कापताना दोन मांड्यांच्या मधे कधीही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रोहिणी जाते, ती कापली तर हातात काही मिनिटंच असतात. कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे कापा, नाहीतर शरीराच्या बाजूला. हात लांब करून सभोवार फिरवला तर जेवढं वर्तुळ होईल तेवढ्यात दुसरं कोणी नको. चाकू कोणाला देताना मूठ त्याच्याकडे. हातात उघडा चाकू घेऊन चालायचं नाही, दोन पावलंसुद्धा नाही. काम थांबलं की म्यानात. अंधार पडला, हात बधिर झाले, डोकं थकलं, तर कापकाम बंद. कापलंच तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा, आणि थांबलं का ते सारखं उघडून बघू नका.

आणखी एक, धबधब्यात दोरावरून उतरणाऱ्यांसाठी. भार असलेल्या ताणलेल्या दोराला धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटू शकतो. त्यामुळे अडकलेला झोळ किंवा केस सोडवायला घाईघाईनं चाकू काढण्याआधी त्या माणसाचा भार दुसऱ्या दोरावर घ्यायचा.

सराव घरी करा. आवारात पडलेलं वाळकं लाकूड घ्या. एका बैठकीत दहा खुंट्या तासा, दहा काड्यांच्या कुरळ्या पट्ट्या काढा. चाकू बोलायला लागतो: कुठे टोचतो, कुठे घसरतो, कोणत्या बोटाला फोड येतो. नव्या चाकूचं हे पहिलं बोलणं डोंगरावर ऐकायची वेळ येऊ नये.

कायद्याचं थोडं

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे, आणि त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. आता आपल्या नेहमीच्या वाटा आठवा. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, वासोटा, हे सगळं अभयारण्यांत येतं. तेव्हा नाक्यावर आधी सांगा, विचारा, ठेवा म्हटलं तर ठेवा. राखीव वनात झाड तोडणं आणि विस्तव करणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. मघाशी विस्तवाचं सांगितलं ते जिवावर बेतलं तरच, मजेसाठी नाही. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण शहरात एसटी स्टँडवर कमरेला चाकू लावून फिरलात तर हे समजावून सांगताना गाडी सुटेल. पॅक करून सॅकच्या तळाशी ठेवा. विमानात तर हातातल्या बॅगेत चालणारच नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*बिबट्या समोर आला तर चाकूचा उपयोग होईल का?*

नाही. बिबट्याच्या पंजाच्या टप्प्यात आलात तेव्हाच चाकूचा टप्पा सुरू होतो, तोवर उशीर झालेला असतो. पळायचं नाही, वाकायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं, मोठ्यानं बोलत हळूहळू मागे सरकायचं. रात्री घोळक्यानं आणि उजेडात चालायचं. चाकू म्यानातच असू द्या.

*कात्री, पक्कड असलेला मल्टिटूल पुरेल का?*

सोबतीला चांगला, एकटा नाही. अमेरिकेतल्या ॲरन रॅल्स्टनची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. २००३ मध्ये युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत दगडाखाली त्याचा हात अडकला. पाच दिवसांनी त्यानं स्वस्तातल्या मल्टिटूलनं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. त्याआधी त्याच पात्यानं त्यानं दगड फोडायचा प्रयत्न केला होता आणि धार घालवली होती. लोक या गोष्टीतून मल्टिटूलचा धडा घेतात. आम्ही दुसरा घेतो. तो कुठे जाणार आहे हे त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शोध लवकर सुरू झाला असता. म्हणून चाकूच्या आधी सॅकमध्ये काय जातं? घरी ठेवलेली चिठ्ठी, शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, पावसाचा कागद आणि कोरडा स्वेटर. हे असेल तर बहुतेक रात्री चाकू म्यानातून न काढताच सरतात.

*मुलांना कोणत्या वयात द्यावा?*

वयापेक्षा स्वभाव बघा. सांगितलेलं ऐकून थांबता येणारं मूल असेल तर आधी बोथट टोकाची लहान सुरी, बसून, तुमच्या शेजारी, एका वेळी पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी कापायला नाही, धार लावायला शिकवा. धारेची किंमत कळली की तिची भीती आणि तिचा आदर दोन्ही योग्य मापात येतात.

*आणि शेवटी, आज बाजारात गेलो तर काय बघू?*

कडेनं दिसणारी पोलादाची अखंड रेघ. चार-साडेचार इंचांचं, दात नसलेलं पातं. चुंबक चिकटतो का. ओल्या हातात मूठ बसते का. म्यान उलटं केल्यावर चाकू राहतो का. या पाचही गोष्टी जमल्या की कंपनीचं नाव बघायची गरज नाही. उरलेल्या पैशांत धार लावायचा दगड घ्या, आणि येत्या रविवारी घरीच दहा खुंट्या तासून बघा.